दर आणि दिवस

सोयाबीन कुणा एकट्याचं पिकत नाही. कळंब तालुक्यात मांजरेच्या काठाला जूनचा पाऊस पडला की साऱ्या शिवाराची पेरणी एकाच आठवड्यात उरकते, आणि शंभरेक दिवसांनी साऱ्या शिवाराचं पीक एकाच आठवड्यात पिवळं पडतं. पानं गळतात, शेंगा वाळतात, झाडाला धक्का लागला की खुळखुळा वाजावा तसा आवाज येतो. तो आवाज आला की शेतकऱ्याच्या हातात आठ-दहा दिवस उरतात. ऊन तापलं तर शेंगा तडकून दाणे भुईवर सांडतात. पाऊस आला तर दाण्याला शेंगेतच कोंब फुटतो. म्हणून त्या आठवड्यात गावाच्या तोंडी एकच प्रश्न असतो, बाया कुठं मिळतील?

ही गोष्ट २०२४ च्या सप्टेंबरअखेरची. घट बसायला चार दिवस राहिले होते. तात्यांचं सहा एकर सोयाबीन नदीच्या अंगाला वाळून उभं होतं आणि गावात माणूस नव्हतं. तरणी पोरं चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत गेलेली. ऊसतोडीची घरं मुकादमाची उचल घेऊन बसलेली. दसऱ्यानंतर कोयता घेऊन निघायचं, त्याआधी स्वतःचं एक-दोन एकर काढायचं, त्यांना दुसऱ्याच्या रानात यायला सवड कुठली? उरली ती आक्काची टोळी. बारा बाया, बारा विळे.

दरवर्षी या दिवसांत बाया तात्यांच्या ओट्याखाली उभ्या राहायच्या. तात्या वरून दर सांगायचे, बाया मान डोलवायच्या. श्रावणातल्या खुरपणीची अडीचशे रुपये हजेरी तात्या बाजाराच्या दिवशी देतो म्हणायचे आणि दोन बाजार सहज लोटायचे. या वर्षीही बारा जणींची नऊ दिवसांची हजेरी तशीच राहिली होती. तात्या वाईट माणूस नव्हते. पैसा हातात आला की आधी दुकानदाराचं, मग सोसायटीचं, आणि सगळ्यांत शेवटी बायांचं, अशी रीत त्यांच्या वडिलांपासून चालत आली होती. बाया थांबतात, म्हणून त्यांना थांबवायचं.

यंदा तात्या स्वतः आक्काच्या अंगणात आले. आक्कानं पोतं झटकून अंथरलं.

"बसा, तात्या. चहा ठिवते."

"चहा राहू दे, आक्का. उद्यापासून विळा लावायचा. एकरी तीन हजारानं गुत्तं धर."

"बाकीच्या येऊ द्या," आक्का म्हणाली. "विचारून सांगते."

तात्यांना हे उत्तर नवीन होतं.

त्याच संध्याकाळी मारुतीच्या पारावर शेतकरी जमले. कुणी म्हणालं, ऑगस्टपासून बायांच्या खात्यात लाडक्या बहिणीचे महिन्याला दीड हजार पडायला लागले, तेव्हापासून कुणी कामाला हलेना. कुणी म्हणालं, शेजारच्या गावात साडेतीन हजार मागतायत, आज दिले तर उद्या पाच मागतील. शेवटी ठराव झाला. एकरी तीन हजारांच्या वर कुणी एक रुपया द्यायचा नाही. देईल त्याला दंड.

पारावर एक निवृत्त गुरुजी बसले होते. आयुष्यभर इतिहास शिकवलेला माणूस. त्यांनी विचारलं, "असा ठराव याआधी एका राजानं केला होता, ठाऊक आहे का?" सगळे त्यांच्याकडं वळले. "१३४८ साली इंग्लंडात प्लेग आला. गावंच्या गावं ओस पडली. पिकं उभी आणि कापायला माणूस नाही. जगले वाचले ते मजूर जास्त मागायला लागले. मग १३५१ साली राजानं कायदा काढला की साथीच्या आधी, १३४६ साली जी मजुरी होती तीच द्यायची आणि तीच घ्यायची. जास्त मागेल त्याला शिक्षा."

"मग? ऐकलं का लोकांनी?"

"मजुरांना शिक्षा झाल्या, दंड झाले. पण कायदा करणारे जमीनदारच होते आणि पीकही त्यांचंच उभं होतं. दिवसा कायद्याच्या बाजूनं बोलायचं आणि रात्री मजुराच्या दाराशी जाऊन जास्त कबूल करायचं. मजुरी वाढायची ती वाढलीच." गुरुजी उठले, काठी घेतली. "तुमच्या ठरावाला दंड आहे, पण पावसाला थांबवायची तरतूद नाही. एवढंच बघा."

इकडं हापशाजवळ बाया जमल्या होत्या. त्यांच्यात एक धाकटी होती, नुकती तिशीला टेकलेली, दोन हंगाम नवऱ्याबरोबर कोयत्याला जाऊन आलेली. ती म्हणाली, "आक्का, सहा हजार मागू. आज गरज त्यांची हाय. आजच न्हाई मागितलं तर कवा मागायचं? गेल्या हंगामात संघटनांनी कोयता बंदची हाक दिली, तवा जानेवारीत ३४ टक्के वाढले. टनाला २७३ चे ३६६ रुपये झाले. भिऊन बसलो असतो तर झाले असते का?"

"न्हाई झाले असते," आक्का म्हणाली. "पण मला सांग, कोयता एका घरानं बंद केला व्हता का सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

"आन् वाढ तेवढ्या हंगामापुरती घेतली का पुढं बी?"

"पुढं बी. करार झाला."

"तेच म्हणते मी." आक्का हापशाच्या कट्ट्यावर बसली. "मी आठ वर्षांची व्हते तवा बहात्तरचा दुष्काळ पडला. त्याच्या आधी माजी आई एका मोठ्या घरी कामाला जायची. दिसभर राबून पदरात ज्वारी घालून घ्यायची. माप त्यांचं, मोजणारा हात त्यांचा. कमी पडलं तर विचारायची सोय न्हवती, कारण दुसरीकडं जायला जागा न्हवती. मग दुष्काळात सरकारनं कामं काढली. खडी फोडायची, तलावाची माती वाहायची. मी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन खडीच्या ढिगापाशी बसायचे, दुपारी सुकडी मिळायची. बाईला बी तितकंच, गड्याला बी तितकंच. जेवढी खडी, तेवढे पैशे. पुढच्या वर्षी पाऊस झाला, मोठ्या घरचं बोलावणं आलं. आई म्हणाली, ज्वारी नको, रोख द्या. जल्मात पहिल्यांदा तिनं 'नाही' म्हटलं. तिला 'नाही' म्हणता आलं कारण सरकारी कामाचा रस्ता तिला ठाऊक झाला व्हता."

बाया ऐकत होत्या. रोजगार हमीचा कायदा राज्यानं १९७७ साली केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, हे त्यांच्यातल्या कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण त्या कायद्याच्या पायाची खडी त्यांच्या आयांच्या हातांनी फोडलेली होती.

"मग दिली का रोख?" धाकटीनं विचारलं.

"दिली. गल्लीतल्या साऱ्या बायांनी एका तोंडानं मागितली म्हणून दिली, आन् ती रीत राहिली. पुन्हा कुणी ज्वारी मापली न्हाई. पण किती द्यायचे, ते जिनं तिनं आपापल्या दारात ठरवलं. ज्या वर्षी काम लई, त्या वर्षी दोन पैशे वर. ज्या वर्षी काम न्हाई, त्या वर्षी व्हते तिथंच. मिळून मागितलं ते टिकलं, एकेकटीनं मागितलं ते पावसाबरोबर वाहून गेलं. आज आपल्याकडं जोर हाय, तो आठ दिवसांचा. सोयाबीन निघालं की जोर संपला. दीड हजारानं घर चालत न्हाई गं, पण दीड हजारानं आठ दिवस घरी बसता येतं. तेवढ्या आठ दिवसांत असं काय मागायचं, की जे पुढच्या श्रावणात बी आपल्याजवळ राहील?"

रात्र झाली तरी बाया उठल्या नाहीत. शेवटी चार गोष्टी ठरल्या. कापणीचे एकरी चार हजार. तीन हजार नव्हे, सहा हजारही नव्हे. बारा जणी दिवसाला दीड एकर कापतात, म्हणजे प्रत्येकीच्या पदरात पाचशे, गड्याच्या हजेरीइतके. दुसरी, पुढच्या दसऱ्यापर्यंत खुरपणी-वेचणीची हजेरी तीनशे, काम असो नसो, दर तोच. तिसरी, पैसे त्याच संध्याकाळी. चौथी, जुनी बाकी मिळाल्याशिवाय विळा पिकाला लागणार नाही. आणि एक शब्द बायांनी आपसांत दिला, येरमाळ्याच्या येडाईची शपथ घेऊन: एकदा हो म्हटलं की काम पुरं होईपर्यंत दुसऱ्याच्या रानात जायचं नाही, मग कुणी कितीही देऊ करो.

सकाळी तात्या आले. चार गोष्टी ऐकल्या आणि न बोलता परत गेले. दोन दिवस त्यांनी हरतऱ्हेनं पाहिलं. हार्वेस्टरवाल्याला फोन लावला. त्यानं येऊन रानात पाय ठेवला आणि म्हणाला, नदीकाठची काळी जमीन अजून ओली आहे, यंत्र रुतलं तर काढायला दुसरं यंत्र लागेल. बार्शीकडच्या एका मुकादमाला विचारलं. त्याच्याकडं माणसं होती, पण त्यांचा दर साडेचार हजार आणि वर गाडीभाडं. मग तात्यांनी जे करायला नको ते केलं. धाकटीला एकटं गाठून म्हणाले, "पाच जणी घेऊन ये. तुम्हाला पाच हजारानं देतो. आक्काला सांगू नकोस."

धाकटी सहा हजार मागा म्हणणारी होती. पाच हजार समोर होते. ती म्हणाली, "तात्या, मला पाच दिले तर पुढच्या वर्षी मला एकटीला दोनच देताल. मी एकटी असंन तवा."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ज्यानं पारावर सगळ्यांत मोठ्यानं ठरावाचा आग्रह धरला होता, तोच शेतकरी आक्काच्या दारातून बाहेर पडताना तात्यांना दिसला. गुरुजींची गोष्ट तात्यांना आठवली. ते आत गेले आणि या वेळी पोत्यावर बसले. खिशातून वही काढली.

"बघ आक्का. एकरी सात क्विंटल धर. हमीभाव ४,८९२ जाहीर झालाय, पण तिथं ओलावा बघतात, नोंदणीला रांग. आडतीवर बेचाळीसशेच्या वर कुणी घेईना. बियाणं, खत, तीन फवारण्या, ट्रॅक्टर, मळणी. कापणीला चार हजार दिले तर एकरातलं जवळजवळ एक क्विंटल तुमच्या विळ्यालाच गेलं. मला काय राहतं ते तूच मोज."

आक्कानं बोटांच्या पेरांवर हिशेब केला. हिशेब खोटा नव्हता. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "तात्या, बियाण्याच्या पिशवीचा दर तुमी ठरवला का?"

"नाही."

"औषधाच्या बाटलीचा? डिझेलचा?"

"नाही."

"आडतीवर तुमच्या मालाचा?"

"तोही नाही."

"मग सगळीकडं मान खाली घालून देता-घेता आन् घासाघीस करायला आमच्याच दारात येता."

तात्यांनी वही मिटली. त्यांच्या तोंडून खरं तेच निघालं. "कारण तेवढंच माझ्या हातात आहे, आक्का."

"आमच्या हातात बी एवढंच हाय," आक्का म्हणाली आणि कोपऱ्यातल्या विळ्याकडं बघितलं. "तुमच्यावरला भार आमच्या डोक्यावर ठिवून कमी व्हायचा न्हाई, तात्या. भावासाठी तुमी मोर्चा काढा, आमी बी संगं येऊ. पण आमची हजेरी कापून तुमचा भाव वाढायचा न्हाई."

त्या रात्री तात्यांनी जुनी बाकी चुकती केली. नऊ दिवसांचे अडीचशेप्रमाणे प्रत्येकीला बावीसशे पन्नास. बारा जणींच्या हातावर मोजून ठेवताना त्यांना पहिल्यांदाच ती रक्कम सगळी मिळून दिसली, सत्तावीस हजार. एवढे पैसे आपण दीड महिना गरिबाच्या घरून बिनव्याजी वापरत होतो, हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण घरी गेल्यावर त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता विळे लागले. साडीवर जुने सदरे, डोक्याला रुमाल, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, कारण वाळल्या शेंगेचं टोक सुईसारखं घुसतं. बारा जणींनी बारा पाती धरल्या. डाव्या हातानं झाडाचा झुबका धरायचा, उजव्या हातानं बुडाशी विळा ओढायचा, मूठ मागं टाकायची आणि उकिडव्यानंच पुढं सरकायचं. धाटाची धार तळपायाला लागते, कंबर वाकलेली ती दुपारच्या भाकरीलाच सरळ होते. संध्याकाळी दीड एकर भुईवर आडवं झालेलं, आणि तात्या बांधावर पैसे घेऊन उभे.

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर आभाळ भरून आलं. उद्याचं दीड एकर अजून राहिलं होतं. तेवढ्यात बांधावर मोटारसायकल थांबली. पलीकडच्या शिवारातला शेतकरी. "एकरी सहा हजार! आत्ता चला. टेम्पो मागं येतोय."

विळे थांबले. सहा हजार म्हणजे दिवसाला साडेसातशे. कुणाच्या पोराची फी तटलेली, कुणाच्या सासूचं औषध संपलेलं. तात्या बांधावर उभे होते, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. पाच हजारांचं चोरटं आमिष त्यांनीच दाखवलेलं होतं, आता कोणत्या तोंडानं थांबा म्हणायचं? सगळ्यांनी आक्काकडं बघितलं. आक्कानंही काही म्हटलं नाही. ती आपली पात कापत राहिली.

धाकटी विळा घेऊन उभी राहिली होती. तिनं आभाळाकडं बघितलं, मोटारसायकलीकडं बघितलं आणि पुन्हा खाली बसली. "उद्या सांजंला मोकळ्या व्हतो, भाऊ," ती ओरडून म्हणाली. "तवा या. दर चार हजारच. पण वर्षाचा शब्द घिऊन या."

चौथ्या दिवशी अंधार पडेपर्यंत कापणी संपली. तात्यांच्या घरची माणसं आणि बारा बाया यांनी मिळून बनीम रचली, वर ताडपत्री ओढली, दगड ठेवले. पहाटे पाऊस आला. तात्या कंदील घेऊन रानात गेले, ताडपत्रीखाली हात घातला. आतलं धाट कोरडं होतं.

त्या हंगामात गावातल्या सात-आठ घरांनी तोच शब्द दिला. पारावरच्या ठरावाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. पुढच्या श्रावणात, काम कमी आणि हात जास्त अशा दिवसांत, शेजारच्या गावी बाया दोनशेवर खुरपत होत्या. इथं तीनशे होते. काही घरांनी कुरकुर केली, पण बारा जणींपैकी एकही कमी दरानं गेली नाही, म्हणून ती कुरकुर तिथंच थांबली.

मग २०२५ चा सप्टेंबर आला. २२ तारखेला घट बसले आणि त्याच दिवसांत धाराशिव जिल्ह्यावर आभाळ फाटलं. भूम-परांड्याकडं माणसं घरांच्या छपरांवर अडकली, हेलिकॉप्टर आणावी लागली. मांजरा पात्र सोडून रानात शिरली. पाणी ओसरलं तेव्हा तात्यांच्या सहा एकरांतलं साडेचार एकर सोयाबीन कुजलं होतं आणि नदीकडची माती खरवडून निघाली होती. हमीभाव त्या वर्षी ५,३२८ झाला होता. विकायला माल नव्हता. गावात कुणालाच कापणी उरली नव्हती, म्हणून कुणालाच बाया नको होत्या. कालपर्यंत माणसं मिळत नव्हती, आता काम मिळत नव्हतं. दीडशेवरही बाया यायला तयार होतील, असं पारावर कुणीतरी म्हणालं, आणि ते खरं होतं.

तात्या चिखलातून आक्काच्या अंगणात आले.

"मोटार, पाइप गाळातून काढायचे, बांध लावायचे, राहिलेलं दीड एकर काढायचं. आठ दिवसांचं काम आहे. दसरा दोन तारखेला, शब्द तोवरचा आहे. हजेरी तीनशेच. पण आक्का..." त्यांना पुढं बोलवेना. "पण संध्याकाळचे पैसे..."

आक्कानं बाकीच्यांना हाक मारली. बाया आल्या, ऐकलं, आपसांत बोलल्या. या वेळी बोलली ती धाकटी.

"दर हलायचा न्हाई, तात्या. दिवस हलू द्या. सरकारची मदत येईल तवा द्या, न्हाईतर पुढल्या पिकावर द्या. वहीत लिवून ठिवा."

तात्यांनी डोळे पुसले आणि वही काढली. या वेळी त्यांनी बारा जणींची बारा नावं लिहिली, दुकानदाराच्या आणि सोसायटीच्या वर, पहिल्या पानावर.

टंचाई मजुराला जोर देते, पण तो जोर आभाळासारखा असतो, येतो आणि जातो. तो आहे तोवर लुटून घेतलं तर पुढच्या पावसात तेही जातं. त्याच जोरावर मिळून शब्द घेतला आणि घेतलेला शब्द स्वतःही पाळला, तर तो दुष्काळात आणि पुरातही उभा राहतो. आणि ज्याच्या हातात देणं आहे त्यानं एवढं ध्यानात ठेवावं, की ज्याला थांबता येतं म्हणून आपण थांबवतो, त्याचीच वाट आपल्याला एक दिवस बघावी लागते.

दसऱ्याच्या संध्याकाळी तात्या आपट्याची पानं घेऊन आक्काच्या दारात आले. सोनं दिलं, सोनं घेतलं.

"मग आक्का," ते म्हणाले, "पुढच्या दसऱ्यापर्यंत काय ठरवायचं?"

आक्कानं पोतं झटकून अंथरलं.

"बसा, तात्या. बाकीच्या येऊ द्या."